पेटीतले दगड, गोणीतले दगड

माझा मामा कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात गाठींवर मार्का मारायच्या कामावर होता. पत्र्याचा साचा गाठीवर धरायचा, रंगाचा ब्रश फिरवायचा आणि पुढच्या गाठीकडे वळायचं. दिवसभर हेच काम. वडील गेल्यावर आई मला घेऊन त्याच्याकडे परळला आली. तेव्हापासून आम्ही तिघं चाळीतल्या त्याच्या एका खोलीत राहत होतो. मामानं लग्न केलं नाही. आई म्हणायची, आपल्यामुळे केलं नाही. मामा म्हणायचा, दगडांमुळे केलं नाही, आणि हसायचा.

दगडांचं वेड त्याला शिवडीला लागलं. गोदामाला सुट्टी असली की तो टेकडीखाली खाडीच्या कडेला जाऊन बसायचा. ओहोटी लागली की मैलभर चिखल उघडा पडायचा आणि टेकडीच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा पट्टा दिसायचा. तिथे त्याला एकदा एक चपटा, पिवळसर, पानासारखा दगड सापडला. कड इतकी धारदार की त्याचं बोट कापलं. पुढे कधीतरी तो म्युझियममध्ये गेला तेव्हा काचेच्या कपाटात तसाच दगड मांडलेला दिसला. खाली लिहिलं होतं, आदिमानवाची दगडी हत्यारे. मामा त्या कपाटासमोर किती वेळ उभा होता कोण जाणे. शेवटी रखवालदारानं त्याला हटकलं, असं तो सांगायचा.

त्यानंतर तो दर सुट्टीला पिशवी घेऊन शिवडीला जाऊ लागला. सापडेल तो दगड घरी आणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देऊन त्यात काळ्या शाईनं 'शि' असं लिहायचा. शि म्हणजे शिवडी. गाठ कुठून आली ते गाठीवर लिहिलेलं असतं, तसं दगडावरही पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आईला हे मुळीच पटत नव्हतं.

"घरात पाय ठेवूक जागा नाय," ती म्हणायची, "आणि हो दगड हाडता."

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं त्याला मामाचे दगडच कारण होते. वर्गात आम्ही मुली दोघीच होतो. आमच्या सरांना दगडी हत्यारांची चांगली जाण होती. ती ओळखायची कशी, हे त्यांनी मला प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी उभं राहून शिकवलं. माणूस दगडावर घाव घालतो तेव्हा घावाच्या जागेखाली एक छोटा फुगवटा उठतो. त्या फुगवट्यापासून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा लहरी दगडात उमटतात. उन्हानं तडकलेल्या दगडाला सहसा तसा फुगवटा नसतो. लाटांनी एकमेकांवर आपटलेल्या दगडांवर टवके उडतात, पण कसेही, कुठल्याही बाजूला. माणसाच्या हातचे टवके एकापुढे एक, एका दिशेनं जातात, कारण त्याला धार हवी असते.

"आणि एवढं सगळं दिसलं तरी घाई करायची नाही," सर म्हणाले. "रस्त्याची खडी फोडणाऱ्या बाईच्या हातोड्यानंही असाच फुगवटा येतो. माणसानं फोडलेला प्रत्येक दगड हत्यार नसतो."

मी घरी येऊन मामाला हे सगळं सांगितलं. तो लहान मुलासारखा ऐकत बसला. मग आम्ही दोघांनी कॉटखालचे दगड बाहेर काढून निवडायला घेतले. कित्येक रविवार ते काम चाललं. खरी हत्यारं चहाच्या जुन्या लाकडी पेटीत ठेवायची आणि नुसते दगड गोणीत टाकायचे. गोणी फुगत गेली आणि पेटीचा जेमतेम तळ झाकला गेला. मामाचं तोंड उतरलं. तरी गोणीतले दगड टाकून द्यायला तो तयार झाला नाही. खरा ओळखायचा तर खोटाही हाताशी पाहिजे, असं म्हणून त्यानं गोणी बाहेर गॅलरीत, आमच्या दाराशेजारी उभी करून ठेवली.

एका दगडावरून मात्र आमचं खूप दिवस जमलं नाही. काळा, मूठभर, एका टोकाला निमुळता असा तो दगड होता. त्याच्या एका अंगावर खाडीतल्या मिठाचा आणि चुन्याचा पांढरट थर चढलेला होता.

"हातात धरून बघ," मामा म्हणायचा. "बघ कसा बसतो."

"हातात बसतो म्हणून हत्यार होत नाही. लाटेनं घासलेला गोटाही हातात बसतो."

"आणि हे टवके?"

"ओळीत नाहीत, कसेही पडलेत. काही जुने, काही अलीकडचे. मुद्दाम केलेले नाहीत."

मी कॉलेजात शिकत होते, त्यामुळे शेवटी माझं खरं धरलं गेलं. काळा दगड गोणीत गेला. पण वरचेवर तो गोणीतून काढून हातात घेऊन बसलेलं मी मामाला पाहिलं होतं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापली ते हेच दिवस. गिरणगावात दुसरं बोलणंच नव्हतं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि सगळ्या चाळी आतून धुमसू लागल्या. सभा होत होत्या, मोर्चे निघत होते. मामा सभेला जायचा, घोषणा द्यायचा, घसा बसवून घरी यायचा. मीही जायचे. त्या दिवसांची आठवण आली की लोक उत्साहाचं सांगतात, तो होताच. मला मात्र दुसरंच काहीतरी आधी आठवतं. रस्ते बदलायला लागले होते. नाक्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. दुपारच्या वेळी दुकानांच्या फळ्या अर्ध्याच उघडलेल्या असायच्या. रस्त्याच्या कामासाठी टाकलेले खडीचे ढीग एका दिवसात नाहीसे होत. ते कुठे जात हे कोणी विचारत नव्हतं. आमच्याच चाळीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे दगडांचा एक ढीग जमत होता. कपडे वाळत घालायला गेलेल्या बायका त्याच्याकडे न पाहता ते दोरीवर टाकून खाली येत.

आमच्या शेजारच्या खोलीत एक विधवा बाई आणि तिचा मुलगा राहत. मुलगा माझ्याहून थोडा लहान, गिरणीत बदली कामगार. आम्हाला तो घरच्यासारखाच होता. एके दुपारी तो आमच्या दारात आला आणि गोणीवर हात ठेवून उभा राहिला.

"मामा, हे दगड पायजेत."

"कशाला?"

त्यानं गोणीचं तोंड उघडलं. मामा उठून दारापर्यंत गेला.

"हे फेकायचे दगड नाहीत रे."

"पेटीतले नको. गोणीतले तर नुसतेच आहेत ना? ताईच सांगते."

मी आत भाकरीचं पीठ मळत होते. मान वर करून पाहिलं तर तो माझ्याकडे बघत होता. थट्टेनं नाही, अगदी सरळ विचारत होता. मी म्हटलं, "नुसते असले तरी मामाचे आहेत."

"बरं," तो म्हणाला, आणि गेला.

नंतरच्या एका सकाळी मी पाणी भरायला दार उघडलं तर गोणी नव्हती. ती होती तिथे फरशीवर एक गोल, स्वच्छ जागा राहिली होती आणि भोवती धूळ. आईला आधी बरंच वाटलं. तिनं लगेच तिथे बादली ठेवली. मामा दात घासत होता. तो तसाच ब्रश तोंडात धरून त्या जागेकडे बघत राहिला.

मला पहिल्यांदा गोणीचं वाईट वाटलं, मग एकदम दुसरंच आठवलं.

"मामा, त्या सगळ्यांवर शि लिहिलंय."

तो खाली बसला. आईनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिलाही ते कळलं. तिनं बादली उचलून घरात आणली. का आणली, तिलाच ठाऊक.

मामा शेजारी विचारायला गेला. मुलगा घरात नव्हता. पहाटेच बाहेर पडला म्हणून त्याच्या आईनं सांगितलं. तीही घाबरलेली होती.

त्या दुपारी नाक्यावर गोळीबार झाला. आधी घोषणा ऐकू येत होत्या, मग नुसता गलका, मग काहीच नाही. मग लाकडाची फळी दगडी फरशीवर आपटावी तसा आवाज आला. तो काय आहे हे समजायला वेळ लागला, कारण तोपर्यंत आमच्यापैकी कोणी तो ऐकलेलाच नव्हता. गॅलरीतली सगळी माणसं खोल्यांत शिरली आणि दारं लागली. परत आवाज झाला, परत झाला. आई देवासमोर बसली होती, पण ती काही पुटपुटत नव्हती. नुसती बसली होती. शेजारची बाई मात्र गॅलरीतच उभी राहिली. मी तिला आत ओढायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला.

संध्याकाळी चारजण निरोप घेऊन आले. मुलाच्या पोटात गोळी लागली होती, त्याला हॉस्पिटलात नेलं होतं. त्याची आई चप्पल न घालता त्यांच्यामागून गेली.

दुसऱ्या दिवशी दूध आणि भाजीसाठी सकाळी थोडा वेळ कर्फ्यू उठवला. मामानं भाजीची पिशवी घेतली आणि मला म्हणाला, "चल." आई नको म्हणत होती. आम्ही नाक्यावर गेलो.

रस्ता दगडांनी भरलेला होता. मी तोपर्यंत इतके दगड एका जागी खाडीवरसुद्धा पाहिले नव्हते. खडी होती, विटांचे तुकडे होते, फुटपाथच्या लाद्यांचे तुकडे होते. फुटलेल्या काचा होत्या, एकेकट्या चपला होत्या. काही ठिकाणी रस्त्यावर पाणी मारलेलं होतं, पण बाकीचा रस्ता कोरडाच होता, त्यामुळे पाणी कशासाठी मारलं हे विचारावं लागत नव्हतं. टोकाला बंदुकवाले पोलिस उभे होते.

आम्ही मान खाली घालून चालत होतो. मी पांढरा ठिपका शोधत होते, पण डोळ्यांना लागलेली सवय सुटत नाही. डांबरावर आपटून फुटलेले दगड मला दिसत होते. ताजे, करडे, चकचकीत टवके पडले होते. एकावर तर सरांनी दाखवला होता तसा स्वच्छ फुगवटा होता, लहरींसकट. कालच्या दुपारी कोणाच्या तरी हातून सुटलेला दगड. हजारो वर्षांनी कोणाला सापडला असता तर त्यानं त्याला काय म्हटलं असतं, असं माझ्या मनात आलं.

मामाला पहिला सापडला. त्यानं चपलेचा अंगठा सारखा करण्याचं निमित्त करून वाकून तो पिशवीत टाकला. मग मला एक मिळाला, गटाराच्या कडेला. असे बरेच मिळाले. गोणीत किती होते हे मामाला सांगता येत नव्हतं, त्यामुळे किती राहिले हेही कळत नव्हतं. एवढं मात्र खरं की काळा दगड त्यांत नव्हता.

"काय उचलताय?"

एक पोलिस आमच्याकडे येत होता. मामाचं तोंड पांढरं पडलं. मी म्हटलं, "कोथिंबीर सांडली." पिशवीच्या तोंडाशी कोथिंबिरीची जुडी होती. ती आईनं निघताना घातली होती, बाजारातून येतोय असं वाटावं म्हणून. पोलिसानं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पिशवीचे बंद माझ्या बोटांत रुतत होते.

"घरी जा," तो म्हणाला. "वेळ संपत आली."

नंतरचे दिवस वाट बघण्यात गेले. शेजारचा मुलगा हॉस्पिटलात होता. त्याची आई सकाळी जायची आणि उशिरा परत यायची, कोणाशी बोलायची नाही. मामा कामावर जात होता, पण घरी आल्यावर जेवत नव्हता. जिन्यावर जड पाऊल वाजलं की आम्ही तिघंही बोलायचं थांबत होतो. मग दूधवाल्यानं बातमी आणली. एका शिपायाच्या डोळ्यावर दगड बसला होता आणि तो जगतो की नाही हे सांगता येत नव्हतं. त्या दगडावर पांढरी खूण होती. पोलिस चाळी-चाळीतून विचारत होते की शि म्हणजे कोण.

"ती पेटी टाकून दी दर्यात," आई मामाला म्हणाली. "आजच्या आज. माका भंय वाटता."

मी म्हटलं, "निदान खुणा खरवडून टाकू. मी ब्लेडनं काढते."

मामानं पेटीवर हात ठेवला. "खूण काढली की तो कुठला हे कळणार नाही. मग तो कोणाच्याच कामाचा नाही."

"आत्ता कामाचा विचार करू नकोस रे," आई म्हणाली. ती रडत होती.

मामानं पेटी हलवली नाही. मला त्याचा राग आला, आणि त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं याचा जास्त राग आला.

पोलिस दुपारी आले. चाळीत शिरताना त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. मामाला दगडवाला म्हणून सगळी चाळ ओळखत होती. एकानं पेटी उचलली; आईनं पाण्याच्या पिंपामागे लपवलेली दगडांची पिशवी त्यांना दिसली नाही. मामानं शर्ट बदलला, टोपी घातली. मीही बरोबर निघाले. कोणी मला अडवलं नाही.

चौकीत जो अधिकारी होता तो मध्यम वयाचा, मराठीच. बरेच दिवस झोप न झालेल्या माणसाचे असतात तसे त्याचे डोळे होते. त्यानं पेटी टेबलावर रिकामी करायला लावली. मामाची हत्यारं तिथे एकमेकांवर आपटत पडली तेव्हा मामा कळवळला.

"काय आहे हे?"

"दगडी हत्यारं आहेत साहेब," मामा म्हणाला.

कोपऱ्यात बसलेला लिहिणारा शिपाई लिहू लागला. मी घाईनं म्हटलं, "हत्यारं म्हणजे तशी नाहीत. जुनी. माणूस शेती करायला शिकला नव्हता तेव्हाची. पुस्तकात त्यांना हत्यारं असंच म्हणतात."

"हत्यारं," अधिकारी म्हणाला. त्यानं लिहिणाऱ्याकडे पाहून मान हलवली आणि शब्द तसाच राहिला.

मग त्यानं मला ती ओळखतात कशी हे विचारलं. मी एक पातळ, पिवळसर पातं उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरून त्याला सगळं दाखवलं. घाव कुठे बसला, फुगवटा कुठे आहे, लहरी कशा पसरल्या आहेत. त्यानं ते हातात घेऊन अंगठा फिरवला. तो मन लावून ऐकत होता आणि मला क्षणभर बरं वाटलं.

"म्हणजे मुद्दाम मारलेला दगड कोणता आणि आपोआप फुटलेला कोणता, हे तुम्ही सांगू शकता."

"बहुतेक वेळा."

"नेहमी नाही?"

"नेहमी नाही."

त्यानं टेबलाचा खण उघडला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. मी न उघडताच ओळखलं.

काळ्या दगडाचं निमुळतं टोक तुटलं होतं आणि आतला करडा रंग दिसत होता. एका बाजूचा पांढरट थर आपटून निघून गेला होता. आमचा ठिपका शाबूत होता. मी तो हातात घेऊन फिरवला. थर निघालेल्या बाजूला, जिथे मला आजवर काही दिसलंच नव्हतं, तिथे काठानं बारीक टवक्यांची एक ओळ होती. एकापुढे एक. मी बोट फिरवलं. 

"शिपायाच्या डोळ्यावर बसला तो हा. पेटीतला की बाहेरचा?" अधिकाऱ्यानं विचारलं. "त्या दिवशी फेकलेल्या दगडांत खुणेचे बरेच होते. कोणी म्हणतं, ते गोणीतून चोरीला गेले. पण हा जर तुमच्या हत्यारांपैकी असेल, तर तो पेटीतून कोणीतरी काढून दिला असणार."

"गोणीतलाच आहे," मी म्हटलं. "हा हत्यार नाही असं मीच सांगितलं होतं. म्हणून तो गोणीत होता."

"आणि आता?"

"आता इथे बसून नक्की सांगता येणार नाही."

तो मामाकडे वळला. "तुमचं काय म्हणणं आहे?"

मी मामाकडे पाहिलं. गप्प राहा, एवढंच मला डोळ्यांनी सांगायचं होतं. पण मामा माझ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या हातातल्या दगडाकडे, त्या टवक्यांच्या ओळीकडे बघत होता. त्यालाही ती दिसली होती.

"हत्यार आहे," मामा म्हणाला.

"मामा."

"हिनं सांगितलं म्हणून गोणीत टाकला, साहेब. गोणी माझ्या दारातून गेली, ते खरं. पण हा दगड हत्यारच आहे. हे बघा ना." त्यानं हात पुढे केला तेव्हा मागच्या शिपायानं त्याचा दंड धरला.

लिहिणाऱ्यानं सगळं लिहून घेतलं. त्या दिवशी मामाला घरी सोडलं नाही.

आमचे सर माझ्या सांगण्यावरून स्वतः चौकीत गेले. पेटीतल्या वस्तू पुराणकाळच्या आहेत आणि अभ्यासासाठी जमवल्या आहेत असं त्यांनी सांगितलं. काळा दगड त्यांनाही दाखवला. त्याबद्दल खात्रीनं बोलता येत नाही, असं ते तिथे म्हणाले. बाहेर पडल्यावर आम्ही बसच्या थांब्यापर्यंत चालत आलो. बस आली तेव्हा त्यांनी मला म्हटलं, "तुझा मामा बरोबर असावा." मी आईला हे सांगितलं नाही.

शेजारचा मुलगा त्याच आठवड्यात गेला. त्याला न्यायला सगळी चाळ उतरली. मामा तेवढा नव्हता. क्रियाकर्म आटोपल्यावर एके सकाळी मुलाची आई आमच्या दारात आली. तिनं नीट नेसलं होतं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता.

"चौकी कुठंशी आहे ती?" तिनं मला विचारलं.

"कशाला, मावशी?"

"गोणी माझ्या मुलानं नेली. त्यानं मला हॉस्पिटलात सांगितलं. मामा नको म्हणत होते, तरी नेली म्हणाला. आता सांगायला मला कसली भीती? त्याला धरून कुठं नेणार आहेत?"

मी तिला घेऊन गेले. तिनं अधिकाऱ्यासमोर उभं राहून एवढंच सांगितलं, एकदाही न अडखळता. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. काळा दगड तिला दाखवला नाही याबद्दल मी त्या माणसाचे मनातल्या मनात आभार मानले. चाळीतल्या लोकांनी वकील दिला होताच. थोड्याच दिवसांत मामा भोईवाड्याच्या कोर्टातून सुटून घरी आला. दाढी वाढलेली, पाठ वाकलेली. गोदामानं त्याला कामावर परत घेतलं. आल्या-आल्या तो शेजारी गेला आणि तिच्या पायाशी बसला. दोघांत काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. 

पेटी परत मिळाली नाही. मामा चौकीत खेटे घालत राहिला. मुद्देमाल आहे, नंतर या, असं प्रत्येक वेळी सांगत.

असे कितीतरी महिने गेले. मग एका रविवारी दुपारी एक माणूस आमच्या दारात आला. साधा सदरा, लेंगा, हातात टोपी. त्याच्या डाव्या डोळ्याच्या जागी कातडी ओढून शिवल्यासारखी झाली होती. त्यानं मामाचं नाव विचारलं आणि मग म्हणाला, "मी तो शिपाई."

आईच्या हातातलं ताट खाली ठेवताना वाजलं. मामानं त्याला आत घेतलं, चटई टाकली. तो आमच्याच बाजूचा, मालवणकडचा निघाला. आता त्याला बाहेरचं काम देत नव्हते, बसून करायच्या कामावर ठेवलं होतं.

"पेटीसाठी येऊ नका," तो मामाला म्हणाला. "तेच सांगायला आलो. मागल्या आवारात भराव घातला, त्यात टाकले ते दगड. वर मुरूम पडला. मी पाहिलं."

मामानं मान हलवली. आईला वाटलं, आलेल्या माणसाला चहा तरी द्यावा. घरात दूध नव्हतं. ती शेजारी गेली आणि वाटीभर दूध घेऊन आली. पाहुणा कोण ते तिनं तिथे सांगितलं नाही.

शिपाई चहा पीत होता. मग त्यानं विचारलं, "मला लागला तो दगड. तो खरंच जुना होता?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "असावा."

"कशासाठी केलेला?"

"जनावर सोलायला, कंद खणायला," मामा म्हणाला. "हाडं फोडायला."

"माणसं मारायला नाही?"

"ते दगडावरून कळत नाही," मामा म्हणाला.

शिपायानं कप खाली ठेवला. त्याला कुठे ठेवायचा ते नीट दिसलं नाही, म्हणून मी तो हातातून घेतला. तो उठला, आईला नमस्कार केला आणि बाहेर पडला. मामा त्याला सोडायला गॅलरीत गेला, त्याच्यामागे मी.

शेजारची बाई तिच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली. तिनं त्याच्या डोळ्याकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं. मामानं खाली बघितलं. शिपाईही थांबला, कारण ती अशी का बघते आहे हे त्याला कळत नव्हतं. सुपातले तांदूळ तिच्या बोटांखाली तसेच राहिले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. ती ओरडेल, नाहीतर सूप फेकेल. खालच्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ लावला होता, तेवढाच आवाज होता.

"जिन्यात अंधार आहे," ती त्याला म्हणाली. "कठडा धरून उतरा."

तो कठडा धरून उतरला. तिनं सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. मामा गॅलरीत उभाच राहिला. आई त्याला आत बोलवत होती.